इंधनाचा हिशेब

दोनशे सीसीचे एक सिलिंडर घेऊ. थ्रॉटल पूर्ण उघडा आहे, समुद्रसपाटीचे गाव, तापमान 27 अंश. सिलिंडर काठोकाठ भरले असते तर त्यात सुमारे 232 मिलिग्रॅम हवा मावली असती. फिल्टर, पोर्ट आणि व्हॉल्व्ह यांच्या अडथळ्यातून समजा 80 टक्केच आत आली, म्हणजे 186 मिलिग्रॅम. एक भाग पेट्रोल पुरते जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते. तेव्हा या एका भरणीला 12.6 मिलिग्रॅम पेट्रोल हवे. इंजेक्टर मिनिटाला 150 सीसी देणारा असेल, तर तो साधारण 6.8 मिलिसेकंद उघडा राहिला पाहिजे. त्याची सुई उचलायला जो मिलिसेकंदभर वेळ जातो तो वेगळा धरायचा, आणि बॅटरी पडली की तो वेळ वाढतो हेही ध्यानात ठेवायचे. 6000 आरपीएमला चार स्ट्रोकचे चक्र 20 मिलिसेकंदांत संपते. मग हाच हिशेब पुन्हा मांडायचा, कारण तोवर रेस बदललेली असते.

इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनचा कंट्रोलर, म्हणजे ज्याला सगळे ईसीयू म्हणतात तो डबा, मुळात एवढेच करतो. वरचा हिशेब दहावीच्या विद्यार्थ्याला कागदावर करता येतो, आणि दोन-चारशे रुपयांची चिप तो सेकंदाला शेकडो वेळा करू शकते. म्हणूनच हा डबा घरी बनवता येतो. कठीण आहे ते दुसरेच. हिशेबात घातलेले आकडे खरे असावे लागतात: हवेचा दाब, तापमान, क्रँकची जागा, इंजेक्टर प्रत्यक्षात किती देतो तो आकडा. ईसीयू बनवणाऱ्याचे नव्वद टक्के कष्ट मोजमापात जातात, कोड लिहिण्यात नाही. या पुस्तकाची सारी मांडणी या एका समजुतीवर उभी आहे.

मोजून पेट्रोल देण्याची कल्पना जुनी. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांच्या डेमलर-बेंझ इंजिनांत यांत्रिक पंपाने थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडत. 1954च्या मर्सिडीझ 300 एसएल मोटारीत तीच पद्धत वापरली गेली. विजेवर चालणारे इंजेक्शन मात्र अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीचे. त्यांचा इलेक्ट्रोजेक्टर 1957मध्ये जाहीर झाला आणि 1958 सालच्या क्रायसलरच्या मोजक्या गाड्यांवर बसला. त्या काळचे सुटे भाग बॉनेटखालची उष्णता आणि ओल सोसू शकले नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांना पुढे कार्बोरेटर लावून दिले गेले. कल्पना बरोबर होती, तिच्या लायकीचे भाग अजून बाजारात यायचे होते. बेंडिक्सच्या पेटंटचा आधार घेऊन बॉशने 1967मध्ये डी-जेट्रॉनिक आणले आणि फोक्सवॅगन 1600वर ते अमेरिकेत विकले गेले. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजायचा आणि त्यावरून हवेचा अंदाज बांधायचा, ही त्याची रीत. 1974च्या एल-जेट्रॉनिकने अंदाजाऐवजी हवेच्या वाटेत एक झडप ठेवून तिच्या कलण्यावरून हवा मोजली. 1979मध्ये बीएमडब्ल्यू 732आयवर मोट्रॉनिक आले आणि इंधन व स्पार्क दोन्ही एकाच डिजिटल कंट्रोलरच्या हातात गेले.

या सगळ्याला वेग आला तो धुराच्या कायद्यांनी. अमेरिकेचा 1970चा स्वच्छ हवेचा कायदा आणि कॅलिफोर्नियाचे त्याहून कडक नियम यांच्यामुळे सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तीन प्रकारचे प्रदूषक एकदम निवळणारा कन्व्हर्टर मिश्रण 14.7च्या अगदी जवळ असेल तरच नीट काम करतो, थोडे इकडेतिकडे झाले तरी त्याचा उपयोग घसरतो. जेट आणि सुईच्या जोरावर चालणाऱ्या कार्बोरेटरला इतकी अचूकता दर क्षणी पाळणे शक्य नव्हते. 1976मध्ये व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठीच्या गाडीत लॅम्डा सेन्सर बसवला. आता एक्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहून ईसीयू आपलीच चूक दुरुस्त करू लागला. कार्बोरेटरचे दिवस भरले ते इथे.

डबा मोटारीत आला तसा तो बंदही झाला. आतला कोड कंपनीचा, आतले आकडे कंपनीचे. ज्याला इंजिनाचा कॅम बदलायचा आहे, टर्बो लावायचा आहे किंवा जुन्या इंजिनाला इंजेक्शन बसवायचे आहे, त्याच्यापुढे तीन वाटा राहिल्या, आणि या छंदातले तीन पंथ त्यांतूनच तयार झाले. पहिला पंथ कंपनीचा डबाच उघडून त्यातली मेमरी चिप वाचणाऱ्यांचा. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या ईसीयूंवर असे खूप काम झाले. चिप काढायची, आकडे बदलायचे, परत बसवायची. दुसरा पंथ सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये एक छोटा डबा घालून सेन्सरचा आकडा फिरवणाऱ्यांचा. दाब कमी दाखवला की पेट्रोल कमी पडते, तापमान कमी दाखवले की जास्त पडते. ही वाट झटपट आहे, पण मला ती पटत नाही. ईसीयूला खोटे सांगून इंजिन चालवायचे म्हणजे पुढे प्रत्येक बिघाडात खरा आकडा कोणता आणि फिरवलेला कोणता हे शोधत बसायचे. तिसरा पंथ पूर्ण स्वतंत्र कंट्रोलर स्वतः बनवणाऱ्यांचा, आणि हे पुस्तक त्याच पंथाचे आहे.

या पंथाची पहिली मोठी सामूहिक धडपड नव्वदच्या दशकातली. मोटोरोलाच्या 68332 या 32 बिटांच्या चिपवर ईएफआय332 नावाचा कंट्रोलर बनवायचा होता. चिप उत्तम, मंडळी हुशार, उद्दिष्ट फार मोठे. असे प्रकल्प सर्वांसाठी सर्व काही करायला जातात आणि बोर्ड हातात यायच्या आत थकतात. 2001च्या सुमारास ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी उलटी वाट धरली. त्यांच्या मेगास्क्वर्टमध्ये मोटोरोलाची आठ बिटांची 68एचसी908 चिप होती. 32 किलोबाइट फ्लॅश, 512 बाइट रॅम, 8 मेगाहर्ट्झ. इंधनाचा तक्ता आठ गुणिले आठ, म्हणजे इंजिनाचे सगळे वागणे चौसष्ट आकड्यांत. स्पार्क सांभाळायचा नाही, फक्त पेट्रोल. सगळे भाग हाताने सोल्डर करता येतील असे मोठ्या पायांचे, आणि प्रत्येक रेझिस्टर तिथे का आहे हे सांगणारे मॅन्युअल.

मी या चौसष्ट आकड्यांच्या तक्त्याला या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे काम मानतो. त्यापेक्षा शक्तिशाली कंट्रोलर आधीही बाजारात होते आणि रेसिंगवाले ते विकत घेत होते. मेगास्क्वर्टने दाखवले की आवाका आखून घेतला तर साधा माणूस स्वयंपाकघरातल्या टेबलावर ईसीयू बनवतो, आणि बनवता बनवता इंजिन समजून घेतो. पुढे मेगास्क्वर्टच्या मोठ्या आवृत्त्या आल्या, त्यांत स्पार्क आला, तक्ते वाढले. त्यांचा कोड वाचायला मिळे, पण तो त्यांच्याच हार्डवेअरवर चालवण्याची अट होती. ती अट ज्यांना खुपली त्यांनी पूर्ण मुक्त कोडची वाट धरली. ऑस्ट्रेलियातल्या जॉश स्टुअर्टचे स्पीडुइनो आर्डुइनो मेगा 2560वर चालते. तो बोर्ड आज इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलाच्याही बॅगेत सापडतो. आंद्रेय बेलोमुत्स्कीच्या रसईएफआयने एसटीएम32 ही 32 बिटांची वेगवान चिप घेतली आणि दशांश गणित थेट हार्डवेअरमध्ये केले. स्पीडुइनोचा कोड वाचायला सोपा, रसईएफआयचा आवाका मोठा. नवख्याने आधी पहिला वाचावा आणि मग दुसरा, असे माझे मत.

हवा मोजण्याच्या रीतींवरूनही पंथ आहेत. एअर फ्लो मीटर लावणारे प्रत्यक्ष हवा मोजतात. अचूक पण महाग, आणि इनटेकच्या पाइपात जागा लागते. स्पीड-डेन्सिटीवाले दाब, तापमान आणि आरपीएम यांवरून हवेचे वजन काढतात आणि सिलिंडर किती टक्के भरले हा आकडा तक्त्यातून उचलतात. बॉशने 1967मध्ये वापरलेली ही रीत घरगुती कंट्रोलरांत पुन्हा राज्य करते आहे, कारण दाबाचा सेन्सर आता नखाएवढा आणि स्वस्त झाला आहे. तिसरी रीत थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम एवढ्यावर चालते. तिला अल्फा-एन म्हणतात. रेसिंगमध्ये ती खपते. पण महाबळेश्वरला हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सातवा हिस्सा कमी असतो, हे थ्रॉटलच्या कोनाला कळत नाही. दाबाची वेगळी दुरुस्ती घातली नाही तर घाट चढताना मिश्रण रिच होत जाते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडते, आणि प्लग काळा पडतो.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण हे पुस्तक लिहिण्याचे निम्मे कारण तीच आहे. या विषयावरचे जवळजवळ सगळे साहित्य अमेरिकेतल्या आठ सिलिंडरच्या आणि युरोप-जपानच्या चार सिलिंडरच्या गाड्या समोर ठेवून लिहिलेले आहे. तिथे अनेक सिलिंडर एकाच मॅनिफोल्डमधून हवा ओढतात, त्यामुळे दाब बराच स्थिर असतो. सेन्सर कधीही वाचला तरी चालते. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचे इंजिन एकसिलिंडरी. इनटेकच्या वेळी दाब झपकन पडतो आणि उरलेल्या तीन स्ट्रोकमध्ये हळूहळू वातावरणाच्या दाबाकडे परततो. सेन्सर चुकीच्या क्षणी वाचला तर बंद थ्रॉटलही उघडा दिसतो. तेव्हा दाब क्रँकच्या ठरलेल्या कोनावरच वाचावा लागतो, किंवा संपूर्ण चक्रातला सर्वांत कमी आकडा धरावा लागतो, आणि मोठ्या थ्रॉटलला अल्फा-एनची मदत घ्यावी लागते. परदेशी मॅन्युअलमध्ये ही बाब दोन ओळींत उरकलेली असते. आपल्यासाठी ती विषयाच्या मध्यभागी आहे.

दुसरी मध्यवर्ती बाब म्हणजे विजेचा गोंगाट. 6000 आरपीएमला क्रँकचा एक अंश सुमारे 28 मायक्रोसेकंदांत जातो. क्रँकची जागा कळते ती दातेरी चाकावरून. त्यातला एखादा दात मुद्दाम गाळलेला असतो आणि त्या रिकाम्या जागेवरून ईसीयू मोजणी सुरू करतो. चुंबकीय पिकअप किक मारताना व्होल्टचा काही हिस्सा देतो आणि वेगात दहा-दहा व्होल्ट. दोन्ही टोकांना तोच दात तितक्याच नेमकेपणाने ओळखता आला पाहिजे. त्यात इग्निशन कॉइलचा एक झटका वायरीत शिरला आणि ईसीयूने तो दात समजून मोजला, तर पेट्रोल चुकीच्या वेळी पडेल. स्पार्कही त्याच्याच हातात असेल तर पिस्टन वर येत असतानाच स्फोट होईल. इंजेक्टरची कॉइल बंद होताना उलटा झटका देते, स्टार्टर फिरताना बॅटरी नऊ व्होल्टांवर किंवा खाली जाते, चालू इंजिनात बॅटरीची वायर सुटली तर अल्टरनेटर कित्येक व्होल्ट वर उसळतो. टेबलावर महिनोन्‌महिने सुरळीत चाललेला बोर्ड इंजिनावर पाच मिनिटांत मरतो तो याच कारणांनी. म्हणून या पुस्तकात अर्थिंगवर एक पूर्ण प्रकरण आहे. सेन्सरचे अर्थ आणि इंजेक्टर-कॉइलचे अर्थ वेगळे ओढून एकाच ठिकाणी जोडायचे, हा नियम वाचायला अर्धे मिनिट लागते. तो मोडल्यावर होणारा बिघाड शोधायला आठवडे लागतात.

ट्यूनिंगबद्दल बाजारात बरेच गूढ पसरलेले आहे. कानाने ट्यून करणारे कसबी हात मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण वाइडबँड लॅम्डा सेन्सर हाती असताना कानावर विसंबण्याचे कारण उरत नाही. साधा नॅरोबँड सेन्सर मिश्रण 14.7च्या कोणत्या बाजूला आहे एवढेच सांगतो, किती लांब ते सांगत नाही. वाइडबँड तो आकडाच देतो. मग तक्त्यातले घर धरायचे, इंजिन त्या घरात स्थिर चालवायचे, पाहिजे तो आकडा आणि आलेला आकडा यांच्या प्रमाणात घरातली संख्या बदलायची. आयडल आधी, मग हलका लोड, भरलेला लोड सगळ्यांत शेवटी, कारण लीन मिश्रणाने पिस्टन जातो तो तिथे. अवघड जागा एकच: रेस अचानक दिल्यावरचा क्षण. पोर्टच्या भिंतीवर पेट्रोलचा पातळ थर बसतो, काही पेट्रोल त्यात अडकते आणि नंतर सुटते. थर थंड इंजिनात जाड, गरम इंजिनात पातळ. त्याचे गणित 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून उपलब्ध आहे, तरी प्रत्येक इंजिनाला त्यातले दोन आकडे स्वतः शोधावे लागतात.

हे सगळे आत्ताच मराठीत लिहिण्याचे कारण रस्त्यावर दिसते. 1 एप्रिल 2020ला धुराचे बीएस-6 नियम लागू झाले आणि जवळजवळ प्रत्येक नव्या दुचाकीत इंजेक्शन आले. तालुक्याच्या गॅरेजात ज्यांनी उभी हयात जेट साफ केले आणि स्लो स्पीडचा स्क्रू फिरवला, त्यांच्यापुढे एकदम बंद डबा आणि स्कॅनर आला. स्कॅनर कोड दाखवतो. तो कोड का आला हे कळायला ईसीयू काय मोजतो आणि कसा ठरवतो हे माहीत असावे लागते. आणि ते शिकवणारे मराठी पुस्तक मला सापडले नाही.

त्यात इथेनॉलची भर पडली. 2023पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आज तेच सर्रास मिळते. शुद्ध इथेनॉलला 9 भाग हवा पुरते, त्यामुळे ई20चा योग्य आकडा 14.7वरून साधारण 13.5वर येतो. म्हणजे त्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. लॅम्डा सेन्सर असलेला ईसीयू हलक्या लोडवर ही भरपाई आपोआप करतो. पूर्ण लोडवर बहुतेक ईसीयू सेन्सरकडे पाहणे सोडून तक्त्यावर चालतात. जुना कार्बोरेटर तर काहीच करू शकत नाही. आपल्या गाडीवर ई20चा काय परिणाम होतो यावर पुष्कळ वाद ऐकू येतात. स्वतः मोजून बोलणारा माणूस त्या वादात फार क्वचित भेटतो. ज्याने एकदा ईसीयू बनवला आहे तो मोजू शकतो.

आणखी एक वाचकवर्ग माझ्या डोळ्यांसमोर आहे. पुणे, मुंबई, नाशिक, सांगलीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुले फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्या बनवून कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर जातात. अनेक संघ चाकणला बनलेले केटीएमचे 373 सीसी इंजिन वापरतात. नियमाप्रमाणे पेट्रोलच्या गाडीची सगळी हवा 20 मिलिमीटरच्या अरुंद वाटेतून घ्यावी लागते. ती वाट बसवली की कंपनीच्या ईसीयूतला तक्ता त्या इंजिनाला लागू राहत नाही. मग तयार कंट्रोलरवर लाखभर किंवा त्याहून जास्त खर्च होतो आणि त्यातले आकडे कुणीतरी भरून देतो. हीच मुले तो कंट्रोलर स्वतः बनवू शकतात. काहींनी बनवलाही आहे.

या पुस्तकात उदाहरण म्हणून एकच इंजिन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत घेतले आहे: स्टँडवर बसवलेले, कार्बोरेटरचे, हवेने थंड होणारे, दोनशे सीसीचे. त्याच्यावर भंगारातल्या बीएस-6 दुचाकीची थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर आणि पंप बसवले आहेत. पहिला अर्धा भाग इंजिनाला हातच लावत नाही. खोटे दात पाठवणारा स्टिम्युलेटर आधी बनतो आणि कंट्रोलर त्याच्यावर सिद्ध होतो. स्पार्क शेवटपर्यंत मूळ सीडीआयकडेच, म्हणजे इंजिनाच्या जुन्या इग्निशनच्या डब्याकडेच, ठेवला आहे. इंधन आणि स्पार्क एकदम हाती घेणाऱ्या नवख्याला बिघाड कुठला हे कधीच कळत नाही, म्हणून हा निर्णय मी ठामपणे घेतला. बोर्ड आधी आर्डुइनो मेगावर, नंतर एसटीएम32वर. लागणारे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळतील असेच निवडले आहेत. शब्द गॅरेजात बोलतात तेच ठेवले आहेत. टर्बो, डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शन हे विषय या पुस्तकात घेतलेले नाहीत. त्यांना वेगळी पुस्तके लागतील.

कायद्याविषयी स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार रस्त्यावरच्या गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचे फेरफार मनाने करता येत नाहीत, आणि बीएस-6ची मान्यता त्या गाडीला तिच्या मूळ ईसीयूसकट मिळालेली असते. हे पुस्तक टेस्ट स्टँड, प्रयोगशाळा आणि बंदिस्त ट्रॅक यांच्यासाठी आहे. नव्या गाडीचा ईसीयू काढून घरचा लावण्यासाठी ते वापरू नका. घरगुती तक्त्याने सोडलेला धूर तुमच्याच गल्लीतल्या मुलांच्या छातीत जातो.

पुस्तकातला कोड, सर्किट आणि तक्ते कुणीही मोफत वापरावेत, बदलावेत, शिकवावेत. तुमच्या इंजिनाचा तक्ता तयार झाला तर तोही उघडा ठेवा, आणि त्यासोबत इंजिन, इंजेक्टर, गावाची उंची आणि पेट्रोलमधले इथेनॉल यांची नोंद जरूर करा. त्या नोंदीशिवाय तुमचा तक्ता दुसऱ्याच्या कामाचा नाही. आणि इंजिन थांबताच पंप आपोआप बंद होतो की नाही, हे स्वतः तपासल्याशिवाय पहिली किक मारू नका.